दस्तगीर मिस्त्रींचा प्रश्न

दस्तगीर मिस्त्री प्रयोगशाळेच्या दाराबाहेर चपला काढून उभे होते. आमच्याकडे उलटा नियम होता, पायात काही असल्याशिवाय आत यायचं नाही. मी तसं सांगितल्यावर ते ओशाळले, परत चपलांत पाय सरकवले आणि आत येऊन हातातली प्लॅस्टिकची पिशवी टेबलावर ठेवली. पिशवीत वीतभर लांबीचा काळा रबरी पाईप होता.

"मॅडम, ह्यो जरा बोटानं दाबून बघता का?"

मी दाबला. भाजलेल्या वांग्यासारखा लिबलिबीत झाला होता. बोटाला काळं लागलं, ते मी फडक्याला पुसलं.

जयसिंगपूरजवळच्या एका साखर कारखान्याच्या अल्कोहोल प्रकल्पात मी तेव्हा केमिस्ट होते. मळीपासून आणि उसाच्या रसापासून आम्ही इथेनॉल करायचो. ते टँकरमधून डेपोत जायचं आणि तिथं पेट्रोलमध्ये मिसळलं जायचं. पेट्रोलमधलं त्याचं प्रमाण वाढवायचं ठरलं त्या सुमाराची ही गोष्ट आहे. आमच्या भागात या गोष्टीचा मोठा आनंद होता. कारखान्याच्या गेटवर फलक लागले होते, संचालकांच्या भाषणात दर दोन वाक्यांनी इथेनॉल येत होतं, आणि आवटी मॅडम म्हणून मलाही गावोगावच्या सभांना माहिती सांगायला पाठवत होते.

दस्तगीर मुलाणींचं गॅरेज स्टेशन रोडला होतं. साठीला आलेला, बारीक अंगाचा, कमी बोलणारा माणूस. नव्या गाड्यांना ते हात लावत नसत. जुन्या मोटारी मात्र त्यांच्याकडे सांगलीहून, इचलकरंजीहून यायच्या, एखादी बेळगावहूनसुद्धा. माझ्या नवऱ्याची स्कूटर त्यांच्याकडेच जायची, तेवढ्या ओळखीवर ते कारखान्यापर्यंत आले होते.

त्यांनी मला समजावून सांगितलं. जुन्या गाडीत टाकीपासून इंजिनापर्यंत पेट्रोलची नळी धातूची असते, पण जोडाच्या ठिकाणी असे रबरी तुकडे असतात. पूर्वी एकदा घातलेला तुकडा दहा वर्षं बघायला लागायचा नाही. आता दीड वर्षातच मऊ पडायला लागला होता. तीन महिन्यांत अशा तीन गाड्या त्यांच्याकडे आल्या होत्या. पेट्रोलपंपावर विचारलं तर तिथली माणसं हसली. पाईपवाला म्हणाला, दुसऱ्या कुणाची तक्रार नाही. मग त्यांनी विचार केला की जिथं हे तयार होतं तिथंच जाऊन विचारावं.

"मला एवढंच सांगा मॅडम. तुमच्या ह्या अल्कोहोलनं रबर खराब हुतंय का?"

त्या दिवशी दुपारी दोनला पुण्याहून पाहुणे यायचे होते. प्रकल्प बघायला, फोटो काढायला. मी बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होते. पांढरे कोट धुऊन आले होते, पण त्यातल्या दोनांची बटणं तुटली होती आणि ती कुणीतरी लावायची होती. साडेबारा वाजून गेले होते.

"नाही होत," मी म्हणाले. "लाखो गाड्या चालताहेत की. तुमचा पाईपच हलका असणार. चांगल्या दुकानातून घ्या."

"नक्की न्हवं?"

"नक्की."

त्यांचा चेहरा मोकळा झाला. डोक्यावरचं ओझं कुणीतरी उतरवून घेतल्यासारखा. पिशवी उचलली, मला नमस्कार केला आणि ते गेले. पाहुणे साडेतीनला आले.

डॉक्टर भूपाल चौगुल्यांना आमच्या भागात ओळखत नाही असा माणूस नव्हता. डोळ्यांचे डॉक्टर. माझ्या आईच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू त्यांनीच काढले होते. वय सत्तरीच्या पुढे गेलं तरी त्यांचा हात स्थिर होता, आणि दर रविवारी ते आसपासच्या एखाद्या गावी शिबिराला जायचे. तिथून पेशंट निवडून आणायचे आणि आठवडाभर त्यांची ऑपरेशनं करायचे. शिबिराला जायचं ते वडिलांच्या मोटारीतून. एकसष्ट सालची, सायीच्या रंगाची, गोल दिव्यांची गाडी. तिला सगळे नंबरावरूनच ओळखायचे, सतरा-चौदा. सतरा-चौदा गावात आली की म्हाताऱ्या माणसांना कळायचं, डॉक्टर आले. ती गाडी तीस वर्षं दस्तगीर मिस्त्रींच्या हातातली. दुसऱ्या कुणाला डॉक्टर बॉनेटही उघडू देत नसत.

माझ्याकडून गेल्यावर मिस्त्री दुसऱ्या दिवशी सांगलीला गेले. तिथल्या सगळ्यात मोठ्या दुकानातून नवा पाईप आणला आणि सतरा-चौदाचे सगळे जोड बदलून टाकले. हे मला नंतर कळलं.

पुढच्या फेब्रुवारीत, एका रविवारी सकाळी नऊच्या सुमाराला, शिरोळच्या रस्त्यावर डॉक्टरांना पेट्रोलचा वास आला. शेजारी त्यांच्या पत्नी कुसुमताई होत्या. डॉक्टरांनी गाडी कडेला घेतली, कुसुमताईंना उतरून लांब उभं राहायला सांगितलं आणि स्वतः बॉनेट उघडलं. आत पाईप फाटून पेट्रोल तापलेल्या इंजिनावर गळून पेटलं होतं. बॉनेट वर गेलं तशी आतल्या आगीला हवा मिळाली. शेजारच्या फडात ऊसतोड चालली होती. तिथली माणसं पाट्यांतून माती घेऊन धावत आली, त्यांनी डॉक्टरांना मागं ओढलं. गाडी मात्र वीस मिनिटांत संपली. लोखंडाचा सांगाडा राहिला.

डॉक्टर वाचले. चेहऱ्याला फारसं काही झालं नाही. दोन्ही हात मनगटापर्यंत भाजले होते. मिरजेच्या दवाखान्यात दीड महिना काढून, मांडीची कातडी हातांवर लावून ते घरी आले. उजव्या हाताचा अंगठा आणि पहिली दोन बोटं पूर्ण वळत नव्हती. ऑपरेशन करायला आता ते हात उपयोगाचे नव्हते. शिबिरं बंद झाली.

ते घरी आल्यावर आठवड्याभरात मी भेटायला गेले. डॉक्टर बैठकीतल्या दिवाणावर पडून होते, भोवती गावातली सात-आठ माणसं आधीच बसली होती. कुसुमताईंनी मला चहा दिला. तेवढ्यात डॉक्टरांचा मुलगा अभिनंदन दस्तगीर मिस्त्रींना घेऊन आत आला. तो पुण्याला इंजिनिअर होता आणि वडिलांसाठी रजा काढून आला होता. त्याने मिस्त्रींना निरोप पाठवून मुद्दाम बोलावून घेतलं होतं, हे त्याच्या चालण्यावरूनच दिसत होतं.

मिस्त्रींना बसायला खुर्ची दिली होती, पण ते बसले नाहीत. डॉक्टरांच्या पट्ट्या बांधलेल्या हातांकडे त्यांनी एकदा बघितलं आणि मग भिंतीकडे बघत राहिले. अभिनंदनने पाईप कुठला घातला ते विचारलं. मिस्त्रींनी खिशातून दुकानाची पावती काढून दिली. चांगल्या दुकानाची होती. अभिनंदनने ती उलटसुलट बघितली. मग वर्षाच्या आत पाईप फाटला कसा, असं त्याने विचारलं.

"फुगला आसंल," मिस्त्री म्हणाले. "फुगला की जोडापाशी चिरतोय."

"म्हणजे पाईप फुगतो हे तुम्हाला माहीत होतं?"

"संशय हुता."

"संशय होता आणि तरी घातला? कुणाला विचारावंसं वाटलं नाही?"

मी मिस्त्रींपासून चार हातांवर बसले होते, हातात कप होता.

"विचारलं हुतं."

"कुणाला?"

मी खाली बघत होते, त्यामुळे मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं की नाही हे मला सांगता येणार नाही. बघितलं नसावं.

"मिस्त्री मी हाय," शेवटी ते म्हणाले. "पाईप मी घातला."

यावर बोलण्यासारखं काही उरलं नाही. अभिनंदन बोलला, पण ते सगळं त्याच एका वाक्याच्या आधारानं. तीस वर्षांचा विश्वास, एवढ्याशा पाईपसाठी केलेला निष्काळजीपणा, वडिलांचे हात. डॉक्टर डोळे मिटून पडले होते. त्यांना वेदना होत होत्या आणि औषधाची गुंगीही होती. मिस्त्री सगळं ऐकून घेऊन गेले. मी चहा संपवला, कप आत नेऊन ठेवला आणि घरी आले.

गावात बातमी पसरायला वेळ लागत नाही. मिस्त्रीला संशय होता तरी त्यानं हलका पाईप घातला, एवढीच बातमी पसरली. सांगलीच्या गाड्या यायच्या बंद झाल्या. मग इचलकरंजीच्या. माझ्या नवऱ्यानेही एकदा जेवताना म्हटलं, आता स्कूटर दुसरीकडे दाखवू या. मी भाकरी वाढली.

पुढच्याच आठवड्यात मी सांगलीच्या त्या दुकानातून तोच पाईप आणला. डेपोतल्या एका ओळखीच्या अधिकाऱ्याकडून काही न मिसळलेलं पेट्रोल मिळवलं. इथेनॉल तर आमच्याकडे होतंच. एका बरणीत नुसतं पेट्रोल, दुसरीत पाचवा हिस्सा इथेनॉल घातलेलं. दोन्हींत पाईपचे सारखे तुकडे तोलून, मोजून टाकले आणि बरण्या मागच्या कपाटात ठेवल्या. दर सोमवारी बाहेर काढून मोजायचे, वहीत लिहायचं. सहा आठवडे मी हे केलं. नुसत्या पेट्रोलमधला तुकडा थोडा बदलला होता, पण शाबूत होता. मिश्रणातला तुकडा फुगला होता, वजनाने जवळजवळ पंचमांश वाढला होता. मग तो खिडकीत वाळत ठेवला. चार दिवसांनी वाकवला तर त्याला बारीक भेगा पडल्या. सगळं वहीत स्वच्छ अक्षरात लिहिलेलं होतं.

वही घेऊन मी स्टेशन रोडला गेले. गॅरेजमध्ये एकच मोपेड उभी होती, तीही कुणाची तरी सोडून दिलेली असावी. मिस्त्रींनी स्टूल पुसून मला दिलं. मी त्यांना वहीतले आकडे वाचून दाखवले. तुकडेही दाखवले. त्यांनी भेगा पडलेला तुकडा हातात घेतला, उजेडात धरला आणि परत दिला.

"सहा आठवडं लावलं तुम्ही," ते म्हणाले.

मी म्हणाले, खात्री करून घ्यायची होती. मग मी विचारलं, त्या दिवशी माझं नाव का घेतलं नाही.

"घेऊन काय हुतंय? डॉक्टरांचं हात बरं झालं असतं?" त्यांनी पाना उचलला, परत ठेवला. "लोक म्हणलं असतं, मिस्त्री बाईमाणसावर ढकलतोय. आणि पाईप मीच घातला हुता, ते काय खोटं न्हाई."

मला वाटलं, एवढ्यावर ते थांबतील. पण ते थांबले नाहीत. आवाज चढवला नाही, तक्रारीचा सूरही नव्हता.

"तुम्ही फसवलं असं मी म्हणत न्हाई मॅडम. पण 'मला ठावं न्हाई' एवढं म्हणाला असता ना, तर मी सतरा-चौदाला हात लावला नसता. पुण्याला येगळा पाईप मिळतोय, आतनं अस्तर असलेला. म्हाग हाय. तो मागवला असता. तुम्ही नक्की म्हणाला, म्हणून मी मागवला न्हाई."

मी वही मिटली. आणखी एक गोष्ट त्यांना सांगायची होती, ती जिभेवर आली आणि तिथंच राहिली. मी उठले.

तिथून घरी न जाता मी डॉक्टरांकडे गेले. दुपारचे चार वाजले असतील. डॉक्टर व्हरांड्यात बसून उजव्या हातात रबराचा मऊ चेंडू दाबत होते. बोटं वळावीत म्हणून सांगितलेला व्यायाम होता तो. कुसुमताई शेजारी शेंगा निवडत होत्या. अभिनंदन पुण्याला परत गेला होता. मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. मिस्त्री माझ्याकडे आले होते ते, मी काय म्हणाले ते, बरण्यांतले तुकडे. पेशंट बोलत असताना ऐकावं तसं त्यांनी मध्ये न बोलता ऐकलं. तुकडा किती दिवसांत मऊ पडला, उष्णतेनं फरक पडतो का, असे दोन-तीन प्रश्न विचारले. मग चेंडू मांडीवर ठेवला.

"तो तुमच्याकडे आला तेव्हा तुम्हाला हे माहीत नव्हतं?"

नव्हतं, असं म्हणता आलं असतं. वहीतला प्रयोग नंतरचाच होता. वहीवर तारखा होत्या. खरं तर त्या तारखांसाठीच मी तो प्रयोग केला होता, हे मला त्या प्रश्नाबरोबर कळलं.

मिस्त्री माझ्याकडे आले त्याच्या दोन वर्षं आधी आमच्या प्रकल्पात टँकर भरायचे पाईप घ्यायचे होते. खरेदी विभागाने स्वस्त म्हणून साध्या रबराचे पाईप सुचवले होते. तो कागद माझ्याकडे मंजुरीला आला तेव्हा मी लाल पेनाने ती ओळ खोडली होती आणि बाजूला लिहिलं होतं, साधे रबर चालणार नाही, अल्कोहोलने फुगते. खाली सही केली होती. आमच्या टँकरना मी साधा पाईप लागू दिला नव्हता.

"माहीत होतं," मी म्हणाले, आणि तो कागद त्यांना सांगितला.

कुसुमताईंचे शेंगांवरचे हात थांबले.

"मग?" डॉक्टरांनी विचारलं.

"त्या दिवशी पाहुणे यायचे होते."

एवढंच कारण होतं. मला कुणी दम दिला नव्हता. वरून काही सूचना नव्हती. संचालकांची भीती वाटली असंही नाही, तो विचारच मनात आला नाही. या गोष्टीला आज इतकी वर्षं झाली. याहून बरं कारण मी पुष्कळ शोधलं, मिळालं नाही.

डॉक्टरांनी मांडीवरचा चेंडू बाजूला ठेवला. मग कुसुमताईंना म्हणाले, कागद-पेन आण. मला म्हणाले, लिहून द्या.

मी लिहिलं. मिस्त्री कधी आले, त्यांनी काय विचारलं, मला काय माहीत होतं आणि मी काय सांगितलं. अर्धं पान झालं. सही केली. डॉक्टरांना कागद नीट धरता येईना म्हणून कुसुमताईंनी तो त्यांच्यासमोर धरला. त्यांनी दोनदा वाचला.

"चाळीस वर्षांत माझ्या हातून दोन डोळे गेले," ते म्हणाले. "त्यातला एक माझ्या घाईनं गेला. त्या बाईंना मी सांगितलं, तुमचा डोळाच मुळात अधू होता. हे मी कुणाला लिहून दिलेलं नाही."

कुसुमताईंनी त्यांच्याकडे बघितलं. हे त्यांनाही ठाऊक नसावं. मी निरोप घेऊन निघाले. कुणी थांबवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर रिक्षा करून स्टेशन रोडला गेले. मी तिथं नव्हते, पण हे सगळ्या गावाने बघितलं, त्यामुळे मलाही बघितल्यासारखं आहे. गॅरेजच्या पुढच्या बाकावर, रस्त्याकडे तोंड करून ते दहापासून बारापर्यंत बसले. दोन्ही हात मांडीवर उघडे ठेवले होते. जाणारा-येणारा थांबायचा, तब्येत विचारायचा. प्रत्येकाला डॉक्टर एकच सांगायचे, मिस्त्रींची चूक नव्हती, त्यांनी विचारून पाईप घातला होता, सांगणाऱ्यानं चुकीचं सांगितलं. सांगणारा कोण, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मिस्त्रींनी चहा मागवला आणि डॉक्टरांना कप धरता येत नव्हता म्हणून तो बशीत ओतून दिला. तो त्यांनी रस्त्यावरच्या सगळ्यांसमोर मिस्त्रींच्या हातून घेतला. बारा वाजता रिक्षा परत आली.

अभिनंदनने मिस्त्रींना फोन केला नाही. कुसुमताई एकदा म्हणाल्या, त्याला सांगून बघितलं. पण सांगलीच्या गाड्या हळूहळू परत यायला लागल्या.

नाव मात्र माझं मीच सांगितलं. त्याच मजकुराची एक प्रत मी कारखान्यात दिली आणि सभांना जाणार नाही म्हणून कळवलं. महिनाभर चौकशी चालली. मग मला प्रयोगशाळेतून काढून वजनकाट्यावर बसवलं. एक हंगाम मी उसाच्या ट्रॉल्यांचं वजन लिहिलं आणि पुढच्या जूनमध्ये मिरजेच्या एका कॉलेजात शिकवायला लागले.

त्या वजनकाट्याच्या हंगामात एका शनिवारी मी स्कूटर घेऊन गॅरेजवर गेले. नवऱ्याने स्वतःहून काढून दिली होती. गॅरेजसमोर दोन जुन्या मोटारी उभ्या होत्या, एकीखाली मिस्त्री स्वतः होते. मला बघून बाहेर आले, स्टुलाकडे हात केला आणि एक पत्रा कानशीने घासत बसले. लाल पेनाच्या कागदाचं चौकशीनंतर त्यांच्याही कानावर गेलं होतं. बोलण्यासारखं जे होतं ते आधीच झालं होतं.

तेवढ्यात कुरुंदवाडचा एक माणूस जुनी मोटारसायकल ढकलत आला. घाम पुसत त्याने मिस्त्रींना विचारलं, की लोक म्हणतात नव्या पेट्रोलनं गाडीचं वाटोळं होतं, हे खरं का खोटं.

मिस्त्रींनी मान वर केली नाही.

"मॅडम बसल्यात," ते म्हणाले. "त्यास्नी विचारा."

हा टोमणा होता की आणखी काही, मला समजलं नाही. आजही सांगता येणार नाही. तो माणूस माझ्याकडे वळला आणि वाट बघत उभा राहिला. मी त्याला सांगितलं, साधा रबरी पाईप असेल तर फुगतो, मी स्वतः बघितलं आहे. आतून अस्तर असलेला मागवा. तोही दर सहा महिन्यांनी हाताने दाबून बघत जा. मग त्याने विचारलं, टाकीला काही होतं का, आतून गंज वगैरे.

"ते मला माहीत नाही," मी म्हणाले. "बघावं लागेल."

पाठीमागचा कानशीचा आवाज मघापासून थांबला होता, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. थोड्या वेळाने तो परत सुरू झाला.